लागोसच्या 'मामा निके': आदिरेचं निळं कापड, फी नसलेली शाळा आणि पाच मजली गॅलरी

ऊन_पाऊस
नायजेरियाचं नाव निघालं की इथे तेल, वीज जाणं आणि ईमेलवरची फसवणूक ह्यापलीकडे चर्चा सहसा जात नाही, म्हणून एका बाईंबद्दल मुद्दाम धागा काढतेय. मी काही वर्षं लागोसमध्ये राहतेय (नवऱ्याची नोकरी) आणि इथे आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी सगळ्यात आधी इथल्या लेक्की भागातल्या निके आर्ट गॅलरीत नेते. बाहेरून पांढरी पाच मजली इमारत, आवारात मोठमोठी शिल्पं, तिकीट नाही, आणि नशीब असलं तर खुद्द बाईच समोर येतात, अंगावर आदिरे म्हणजे निळीत रंगवलेलं नमुन्यांचं कापड, डोक्याला मोठा फेटा, गळ्यात मण्यांच्या माळा, आणि अगदी घरच्यासारखं जवळ घेतात. सगळं लागोस त्यांना मामा निके म्हणतं. पूर्ण नाव ओयेनिके मोनिका डेव्हिस-ओकुंडाये, चीफ ही पदवीही आहे. पण मला लिहायचंय ते गॅलरीबद्दल कमी आणि गॅलरीच्या आधीच्या चाळीस वर्षांबद्दल जास्त, कारण लोक वर फोटो काढून निघून जातात आणि खालची गोष्ट कुणी विचारत नाही.

जन्म २३ मे १९५१, गाव ओगिदी, आताच्या कोगी राज्यात. मोठं शहर नाही, डोंगराच्या कुशीतलं गाव, योरुबा लोकांचं. घरात वडील वाद्य वाजवणारे आणि चामड्याचं काम करणारे, बाकी सगळ्या बायका विणणाऱ्या आणि कापड रंगवणाऱ्या. आई सहाव्या वर्षीच गेली. मग पणजीने वाढवलं, आणि ही पणजी गावातल्या विणकर बायकांची प्रमुख होती, त्यामुळे सूत, माग, निळीचे माठ हे सगळं खेळण्यासारखं आजूबाजूला होतं. शाळा प्राथमिकपर्यंतच. पुढे वडिलांनी एक लग्न ठरवलं ते हिला नको होतं, म्हणून घरातून पळाली आणि फिरत्या नाटक कंपनीत गेली. आता विचार करा, १९६० च्या दशकातली नायजेरियातली खेड्यातली मुलगी, हातात पैसा नाही, शिक्षण नाही, फक्त पणजीने शिकवलेली कला, आणि ती निघाली.

तिथून ओशोग्बो. ह्या गावाबद्दल दोन ओळी लिहायलाच हव्यात. ओशुन नदीच्या काठचं हे गाव, ओशुन देवीची राई तिथे आहे आणि ती २००५ पासून जागतिक वारसा यादीत आहे. १९६० च्या दशकात तिथे जर्मन लेखक उली बायर, इंग्लंडहून आलेली चित्रकार जॉर्जिना बायर आणि ऑस्ट्रियातून आलेली चित्रकार सुझान वेंगर अशी माणसं जमली होती, त्यांनी कार्यशाळा घेतल्या आणि कुठलंही कलेचं कॉलेज न पाहिलेली स्थानिक पोरं चित्रकार झाली. त्यातलाच एक ट्विन्स सेव्हन सेव्हन, पुढे जगभर नाव झालं त्याचं. निकेबाईंचं लग्न त्याच्याशी झालं. त्याच्या पंधराच्या आसपास बायका होत्या. त्या घरातल्या मारहाणीबद्दल आणि त्रासाबद्दल त्या स्वतः उघडपणे बोललेल्या आहेत, त्यामुळे मी इथे झाकून लिहिणार नाही. सोळा वर्षं काढली त्यांनी तिथे. कलाकार म्हणून तो मोठा होताच, पण त्याचं कौतुक करताना ही बाजू गाळून टाकायची हे मला पटत नाही.

आणि ह्या सगळ्यात काम चालूच होतं. पहिलं स्वतंत्र प्रदर्शन १९६८ मध्ये, लागोसच्या गोएथे इन्स्टिट्यूट ह्या जर्मन सांस्कृतिक संस्थेत, म्हणजे वय सतरा! १९७४ मध्ये अमेरिकेत मेन राज्यातल्या हेस्टॅक ह्या हस्तकला शाळेत जाऊन आल्या. परत आल्यावर डोक्यात एक गोष्ट पक्की झाली होती असं मला वाटतं, की आपल्याकडे जे आहे ते शिकवण्यासारखं आहे, आणि ज्या बाईच्या हातात स्वतःची कमाई आहे तिला कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही.

१९८३. ओशोग्बोमध्ये स्वतःच्या पैशातून एक केंद्र सुरू केलं, निके सेंटर फॉर आर्ट अँड कल्चर. सुरुवात २० मुलींपासून, ज्या रस्त्यावर नुसत्या फिरत होत्या, ज्यांना पुढे काहीच दिसत नव्हतं. फी शून्य. नायजेरियातला कुणीही येऊन शिकू शकतो: आदिरे, बाटिक, विणकाम, भरतकाम, कोरीवकाम, चित्रकला. आजवर तीन हजारांहून जास्त लोक तिथून शिकून बाहेर पडलेत. आता विद्यापीठांतले टेक्स्टाइल डिझाइनचे विद्यार्थीसुद्धा इंटर्नशिपला तिथेच येतात, म्हणजे पदवी घेणारी मुलं प्राथमिक शिकलेल्या बाईकडे शिकायला येतात. मग १९९६ मध्ये स्वतःच्या ओगिदी गावात आशो-ओके विणण्याचं केंद्र, २००२ मध्ये राजधानी अबुजामध्ये कापडाचं संग्रहालय (देशातलं पहिलं), आणि २००९ मध्ये ही लेक्कीची गॅलरी, जिच्यात आठ हजारांच्या आसपास कलाकृती आहेत आणि त्यातल्या बहुतेक दुसऱ्या कलाकारांच्या. दुसरे पती रूबेन ओकुंडाये, पोलीस खात्यात वरच्या पदावर होते, त्यांची साथ ह्या टप्प्यावर फार मोलाची झाली.

माझं म्हणणं एवढंच आहे की आदिरे ही घराघरात, आईकडून मुलीकडे जाणारी गोष्ट होती. बाहेरच्याला कुणी सहज शिकवत नसे, आणि त्यात चूकही काही नव्हती, पोटाचा प्रश्न होता. ह्या बाईने ते दार सगळ्यांसाठी उघडलं, तेही अशा वेळी जेव्हा घरातल्या मुलींनाच त्यात रस उरला नव्हता. डिझायनर खूप होतात, पण आपली कला शिकवून आपलेच हजारो स्पर्धक तयार करणारी डिझायनर मी दुसरी पाहिली नाही. तुम्हाला काय वाटतं ते लिहा, कुणी गॅलरीला गेलं असेल तर तेही लिहा.

रानजाई
वाह, काय लिहिलंयस ग! निके ओकुंडाये हे नाव मी आधी कधीच ऐकलं नव्हतं. दोन प्रश्न. एक म्हणजे त्यांना फॅशन डिझायनर म्हणायचं की चित्रकार की कापड बनवणारी कारागीर? आणि दुसरा, फी घेत नाहीत तर चालतं कसं? इतकी माणसं, रंग, कापड, जागा, कुठून तरी पैसा यायला हवा ना.

ऊन_पाऊस
रानजाई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर, तिन्ही. त्या कापड डिझाइन करतात, त्याचे कपडे होतात, तेच नमुने कॅनव्हासवर पेनाने आणि रंगाने काढतात, मण्यांचं काम करतात. योरुबा लोकांत कापड आणि चित्र अशी भिंत नाहीच. आदिरेचा एक एक चौकोन म्हणजे एक एक चित्र असतं आणि सगळं मिळून नमुन्याला नाव असतं. इबादानदुन म्हणून एक नमुना आहे, इबादान शहराच्या कौतुकाचा, त्यात तिथल्या मापो हॉलचे खांब काढलेले असतात. ओलोकुन म्हणून दुसरा, समुद्राच्या देवतेचा. १९३५ मध्ये इंग्रजांच्या राजाराणीच्या रौप्यमहोत्सवाचासुद्धा नमुना निघाला होता, ओलोबा त्याचं नाव. म्हणजे बायका त्यांच्या काळात जे बघत होत्या ते कापडावर काढत होत्या.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. गॅलरीतून जी विक्री होते, त्यांची स्वतःची चित्रं आणि कापडं परदेशात जी विकली जातात, त्यातून केंद्रं चालतात. त्यामुळे मी त्याला दानधर्म म्हणणार नाही, हा व्यवसायच आहे, फक्त नफा कुठे जातो ते वेगळं आहे. शिकणारी मुलं नुसती बसून शिकत नाहीत, काम करतात, माल तयार होतो, तो गॅलरीत येतो. लेक्कीला चौथ्या मजल्यावर वगैरे गेलात की अशा कलाकारांची कामं दिसतात ज्यांना कुठल्याही नावाजलेल्या गॅलरीने भिंत दिली नसती.

कोष्टी
लेख आवडला. मी येवल्याकडचा, घरी पिढ्यान्‌पिढ्या माग. दोन गोष्टी विचारायच्यात. आशो-ओके आणि आदिरे हे एकच का? आणि तिथे माग कसला आहे, आपल्यासारखा खड्ड्यातला का उभा?

ऊन_पाऊस
कोष्टीदादा, नाही, वेगळे. आदिरे म्हणजे तयार पांढरं सुती कापड घेऊन त्यावर रंग अडवून निळीत बुडवायचं. आशो-ओके म्हणजे विणलेलं कापड, लग्नाकार्याचं. पुरुष जो माग चालवतात तो आडवा आणि फार अरुंद, चार-पाच इंच रुंदीची लांबच लांब पट्टी निघते, ताणा पुढे दूरवर ताणलेला असतो, रस्त्याच्या कडेला सुद्धा बसलेले दिसतात. मग त्या पट्ट्या शेजारी शेजारी शिवून कापड करतात. बायकांचा माग उभा, भिंतीला टेकवलेला, त्यावर रुंद कापड होतं. ओगिदीत बायकांचं विणकाम हेच मुख्य, पणजीचं ते. त्यातले जुने प्रकार म्हणजे एतु गडद निळं, आलारी तांबडं, आणि सान्यान, जे रानटी रेशमाचं असतं, फिकट बदामी रंगाचं.

समुद्रफेस
मी टेक्स्टाइल शिकवते, त्यामुळे राहवलं नाही. आदिरेचं तंत्र थोडं उलगडून लिहिते कारण निके बाईंनी नेमकं काय वाचवलं ते त्याशिवाय कळत नाही.

तीन मुख्य प्रकार. ओनिको म्हणजे राफियाच्या (ताडाच्या पानांच्या) दोऱ्याने बांधून, आत खडे किंवा बिया घालून, आपली बांधणी जशी. आलाबेरे म्हणजे शिवून, टाके घट्ट ओढून मग रंगवायचं. आणि एलेको म्हणजे खळ लावून. ही खळ कसावाच्या पिठाची, ज्या कंदाचा साबुदाणा होतो तोच कसावा, त्यात थोडी तुरटी घालून शिजवतात. मग कोंबडीच्या पिसाने ती कापडावर रेघ रेघ काढतात, हात इतका बसलेला असतो की आधी पेन्सिलने काढत नाहीत. खळ एकाच बाजूला लावलेली असते, जिथे खळ तिथे निळीचा रंग कमी धरतो. पत्र्याच्या स्टेन्सिलने खळ लावायची पद्धतही आहे, ती बहुतेक पुरुष करायचे.

आणि नीळ. तिकडे एलु म्हणतात, एका वेलीच्या कोवळ्या पानांपासून. पानं कांडून गोळे करतात, वाळवतात, मग राखेतून गाळलेल्या क्षाराच्या पाण्यात मातीच्या माठात आंबवतात, ह्याला काही दिवस लागतात आणि वास भयंकर येतो. नीळ पाण्यात आपोआप विरघळत नाही. आंबवण्याच्या वेळी माठातला ऑक्सिजन संपतो आणि ती विरघळणाऱ्या रूपात येते, म्हणून कापड बाहेर काढताना ते हिरवट पिवळं दिसतं आणि हवा लागली की बघता बघता निळं होतं. एकदा बुडवून फिकट, पुन्हा पुन्हा बुडवून गडद. शेवटी लाकडी मोगरीने कुटतात मग काळसर चमक येते. हे सगळं पुस्तकात वाचून येत नाही, माठ आंबला की नाही हे रंगारीण वासावरून आणि जिभेवर चाखून ओळखते.

इतिहास बघितला तर १९२० ते ३० च्या दशकात मँचेस्टरचं गुळगुळीत मिलचं कापड स्वस्तात मिळायला लागलं आणि त्यामुळे आदिरेची भरभराट झाली, आबेओकुटा हे त्याचं मोठं केंद्र, तिथून पश्चिम आफ्रिकेत सगळीकडे माल जायचा. मग कृत्रिम नीळ आणि कॉस्टिक सोडा आला, शिकाऊ लोक घाईने माल काढू लागले, दर्जा घसरला आणि १९३० च्या दशकाच्या शेवटी बाजार पडला. १९६० च्या दशकात थोडी पुन्हा हालचाल झाली, परदेशी लोकांना त्यात रस वाटू लागला म्हणून. पुढे मेणाचं रंगीबेरंगी काम आलं ज्याला तिकडे कंपाला म्हणतात. ह्या सगळ्यात पानांची नीळ आणि पिसाने काढलेली खळ जवळजवळ संपायला आली होती, आणि १९८३ मध्ये एक बाई त्याच गोष्टी फुकट शिकवायला बसते. म्हणून मला हे काम फक्त सामाजिक वाटत नाही, तांत्रिक ज्ञान जपण्याचं काम म्हणून त्याची किंमत प्रचंड आहे.

कोष्टी
समुद्रफेस ताई, फार छान समजावलंत. आता मला जे बोलायचंय ते बोलतो. आमच्याकडे पैठणी एवढी नावाजलेली, पण बाजारात निम्म्याहून जास्त सेमी पैठणी, पॉवरलूमवर काढलेली, आणि गिऱ्हाईक म्हणतं दिसायला तीच तर आहे मग तुम्ही एवढे पैसे का मागता. आदिरेचं तसं काही झालं का? कारण नुसतं शिकवून भागत नाही, शिकलेला माणूस बाजारात टिकला पाहिजे. आमच्या ओळखीतली कित्येक पोरं मागावर बसायला तयार होती पण सहा महिन्यांनी कंपनीत गेली, कारण महिन्याला नक्की पैसे येतात.

ऊन_पाऊस
अगदी हेच झालंय. चीनहून आदिरेचे नमुने छापलेलं कापड ढिगाने येतं, आबेओकुटाच्या इटोकू बाजारातसुद्धा मिळतं, किंमत अगदी थोडी. तिथल्या बायकांचं म्हणणं असं की आमचे नमुने फोटो काढून नेतात आणि काही आठवड्यांत छापील गठ्ठे येतात. नायजेरियाच्या स्वतःच्या कापड गिरण्यासुद्धा बहुतेक बंद पडल्या, कडुनामधली मोठी गिरणी २००७ मध्ये बंद झाली तेव्हा हजारो लोक घरी बसले.

ओळखायचं कसं तर हाताने काढलेल्या एलेकोची उलटी बाजू जास्त निळी आणि नमुना पुसट असतो, कारण खळ एका बाजूला. छापील असेल तर उलटी बाजू फिकी आणि सपाट. आणि हाताच्या कामात एका चौकोनातला मासा दुसऱ्या चौकोनातल्या माशासारखा तंतोतंत नसतो.

चंद्रभागा
इटलीचा उल्लेख कुणी केला नाही म्हणून लिहितेय, खरं तर माझ्या मते हाच त्यांच्या कामाचा सगळ्यात मोठा भाग आहे. मी काही वर्षं मानवी तस्करीविरोधी काम करणाऱ्या एका संस्थेत होते. नायजेरियातून, त्यातही एदो राज्यातल्या बेनिन सिटी भागातून, हजारो मुली नोकरीच्या आमिषाने इटलीत नेल्या गेल्या आणि तिथे त्यांना वेश्याव्यवसायात ढकललं गेलं. निके बाई तिथे जाऊन ह्या मुलींना कापडकाम आणि हस्तकला शिकवत होत्या, आणि त्यासाठी इटलीच्या सरकारने २००६ मध्ये त्यांना आपल्या मोठ्या राष्ट्रीय सन्मानांपैकी एक दिला.

पण एक प्रश्न मला टोचतो, तो प्रामाणिकपणे विचारते. ह्या मुलींवर कर्ज असतं, हजारो युरोंचं, आणि निघताना देवापुढे शपथ घ्यायला लावलेली असते की पैसे फेडल्याशिवाय पळणार नाही, पळालीस तर तू आणि तुझं घर मरेल. ती भीती इतकी खरी असते की दार उघडं असलं तरी मुलगी बाहेर पडत नाही. २०१८ च्या मार्चमध्ये त्याच बेनिन सिटीचे पारंपरिक राजे ओबा एवुआरे दुसरे ह्यांनी जाहीरपणे त्या सगळ्या शपथा रद्द केल्या आणि शपथ घालणाऱ्या पुजाऱ्यांनाच शाप दिला, तेव्हा कित्येक मुलींना पहिल्यांदा मोकळं वाटलं. मग अशा ठिकाणी कापड रंगवायला शिकवून काय साधणार?

समुद्रफेस
चंद्रभागा, प्रश्न योग्य आहे. पण बाहेर पडल्यानंतरचं काय? शपथ सुटली, पोलिसांनी सोडवलं, परत गावी पाठवलं, आणि हातात काही नाही, तर तीच मुलगी पुन्हा त्याच वाटेने जाते असं तुम्हीच पाहिलं असेल ना.

चंद्रभागा
हो, पाहिलंय. परत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण बघून आमच्यातले चांगले लोक काम सोडून गेले. म्हणजे तुमचं म्हणणं मला मान्य आहे, कौशल्य हा दुसरा टप्पा आहे आणि तो नसेल तर पहिला वाया जातो. आणि निके बाईंचं एक वेगळेपण मला दिसतं, त्या स्वतः त्रासातून बाहेर पडलेल्या आहेत, ठरवलेल्या लग्नातून पळालेल्या आहेत. असं कुणी समोर बसून पीस हातात देतं तेव्हा मुलगी ऐकते. आमच्यासारखे बाहेरून फॉर्म घेऊन गेलेले लोक कितीही प्रेमाने बोलले तरी ते होत नाही.

खडूफळा
सगळे कौतुक करतायत, तेही खरंच आहे, पण मी थोडी वेगळी बाजू मांडतो. इतकं सगळं एका माणसाभोवती उभं आहे. नाव त्यांचं, गॅलरी त्यांची, केंद्रं त्यांच्या नावाची, पैसा त्यांच्या विक्रीचा. वय आता सत्तरीच्या पुढे. उद्या त्या नसतील तर? आपल्याकडे अशा कितीतरी संस्था आहेत ज्या संस्थापक गेल्यावर दहा वर्षांत नुसत्या पाटीपुरत्या उरल्या. सोशल आंत्रप्रेन्योर म्हणायचं तर व्यवस्था उभी राहायला हवी, व्यक्ती नाही. फी न घेणं हे मोठेपणाचं आहे पण तेच कमकुवतही आहे, थोडी फी घेतली असती तर केंद्राला स्वतःचं उत्पन्न असतं.

ऊन_पाऊस
खडूफळा, हा मुद्दा मला गंभीरपणे घ्यावासा वाटतो, आणि अर्धा पटतोही. गॅलरीबद्दल तुमचं बरोबर आहे, ती त्यांच्याशिवाय तशीच राहील असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण शिकवण्याबद्दल वेगळं वाटतं. तिथून शिकलेले तीन हजारांवर लोक आहेत, त्यातल्या अनेकांनी आपापल्या कार्यशाळा काढल्यात, ते पुढच्यांना शिकवतात. ही व्यवस्था कागदावर नोंदवलेली नाही पण ती माणसांच्या हातात आहे आणि ती एका इमारतीवर अवलंबून नाही. योरुबा कारागिरीत शिकाऊ पद्धत आधीपासून आहेच, फक्त तिथे गुरूकडे वर्षानुवर्षं राबावं लागतं किंवा पैसे मोजावे लागतात. बाईंनी त्यातला पैशाचा भाग काढून टाकला.

आणि फीबद्दल. त्या पहिल्या २० मुली फी देऊच शकल्या नसत्या. थोडीशी फी जरी ठेवली असती तरी ज्यांच्यासाठी शाळा काढली त्याच दाराबाहेर राहिल्या असत्या आणि आत थोड्या बऱ्या घरच्या मुली आल्या असत्या. ते वाईट नाही, पण मग ते दुसरं काहीतरी झालं असतं.

खडूफळा
हं. शिकलेल्यांचं जाळं हा भाग मी विचारात घेतला नव्हता. फीबद्दल मात्र माझं मत अजून तेच आहे, ज्यांना परवडतं त्यांच्याकडून तरी घ्यायला हवी. परदेशी विद्यार्थी येत असतील आणि त्यांच्याकडून घेत असतील तर उत्तमच.

तिसरा_मजला
मी मुंबईत कापडाच्या धंद्यात, वडिलांच्या वेळेपासून पश्चिम आफ्रिकेला माल जातो. ह्या धाग्यात एक गोष्ट घालतो. बरेच जण ज्याला आफ्रिकन कापड समजतात ते भडक रंगाचं अंकारा, ते मुळात जावा बेटावरच्या बाटिकची डच लोकांनी यंत्रावर केलेली नक्कल, व्लिस्को ही नेदरलँड्समधली कंपनी १८४६ पासून आहे. आणि नायजेरियातल्या इग्बो लोकांच्या लग्नात जे जॉर्ज नावाचं भारी कापड नेसतात ते आपल्याकडून, भारतातून जातं. कालाबारी लोक तर मद्रासच्या चौकड्या कित्येक पिढ्या वापरतायत, त्यांच्या अंत्यविधीतसुद्धा ते कापड लागतं. म्हणजे नायजेरियाच्या बाजारात बाहेरचा माल हा कालचा नाही, आणि त्यात आपणही आहोत. म्हणूनच जे खरोखर तिथलं आहे, पानापासून रंगापर्यंत, ते आदिरे जपणं ह्याला महत्त्व.

आणि निके बाईंच्या आधीच्या एक बाई आहेत, शेड थॉमस-फाह्म, जन्म १९३३. लंडनला शिकून १९६० मध्ये, देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, लागोसला परत आल्या आणि दुकान काढलं. आधीच बांधून तयार केलेला डोक्याचा फेटा, झिप लावलेलं लुगडं, अशा गोष्टी त्यांनी आणल्या. आशो-ओके आणि आदिरे नोकरी करणाऱ्या शहरी बाईला रोज घालता येईल असं केलं. दोघींचा रस्ता वेगळा, शेड बाईंनी कपड्याचा आकार बदलला, निके बाईंनी कापड बनवणारे हात वाढवले. आत्ताच्या पिढीत माकी ओ हा ब्रँड आदिरेवरच उभा आहे, मिशेल ओबामांनी २०१३ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यात त्यांचा ब्लाऊज घातला होता. तसं आदिरे बनवून देणारे हात देशात उरले नसते तर अशा ब्रँडनी काय केलं असतं सांगा.

रानजाई
किती नवीन कळतंय. शेड थॉमस-फाह्म ह्यांच्यावर वेगळा धागा काढा ना तिसरा_मजला, आणि भारतातून जाणाऱ्या जॉर्जवरही.

तिसरा_मजला
काढतो, जुनी नमुन्यांची पुस्तकं गोडाऊनमध्ये आहेत, ती आधी शोधतो. बाबांना विचारून नावंही लिहून घेतो, त्यांना प्रत्येक नमुन्याचं तिकडचं नाव पाठ आहे.

कोष्टी
ऊन_पाऊस ताई, अजून एक. तिथे पुरुष मुलं पण आदिरे शिकतात का? कारण आमच्याकडे उलटं झालं, पैठणी पुरुषांचं काम समजलं जायचं, बायका कांड्या भरायच्या, घरच्या कामात त्यांची मजुरी धरलीच जायची नाही. आता येवल्यात बायका स्वतः मागावर बसतात आणि चांगल्या विणतात.

ऊन_पाऊस
शिकतात. पूर्वी माठ आणि पीस बायकांकडे, स्टेन्सिल पुरुषांकडे असं होतं, केंद्रात ही वाटणी राहिली नाही. ओशोग्बोला गेले होते तेव्हा एक तरुण मुलगा जमिनीवर बसून पिसाने खळ काढत होता आणि शेजारी एक मुलगी लाकूड कोरत होती, दोघांनाही आपण काही वेगळं करतोय असं वाटत नव्हतं. बायकांच्या मजुरीचा तुमचा मुद्दा फार मोलाचा आहे, तिथेही घरात रंगवणाऱ्या मुलींना पैसे मिळत नसत, केंद्रातून बाहेर पडलेली मुलगी स्वतःच्या नावाने विकते.

पेठकरीण
ताई, आम्ही डिसेंबरमध्ये लागोसला येतोय, मुलगा तिथे आहे. गॅलरीत जायचंच आता. फोटो काढू देतात का, खरेदीला किती पैसे लागतील, आणि कापड आणलं तर धुवायचं कसं, आमच्याकडे एकदा निळीच्या ओढणीने सगळ्या पांढऱ्या कपड्यांची वाट लावली होती.

ऊन_पाऊस
काकू, नक्की या! लेक्कीच्या तिसऱ्या राउंडअबाउटजवळ आहे, मुलाच्या ड्रायव्हरला नुसतं निके गॅलरी सांगितलं तरी पुरे. शनिवारी संध्याकाळी लेक्की-एपे रस्त्यावर गाड्या हलत नाहीत, सकाळी निघा. डिसेंबरमध्ये परदेशात राहणारे नायजेरियन सुट्टीला येतात त्यामुळे गर्दी असते, पाचही मजले बघायचे तर अर्धा दिवस हाताशी ठेवा. आत फोटो काढायचे असतील तर आधी विचारा, मामा निके असल्या तर त्या स्वतःच तुम्हाला बाजूला उभं करून फोटो काढायला लावतील. भेटल्या तर दोन्ही गुडघे थोडे वाकवून नमस्कार करा, योरुबा रीत आहे ती, वडीलधाऱ्यांना फार आवडतं.

किमती लहान रुमालापासून भिंतभर चित्रापर्यंत सगळ्या आहेत, भाव विचारायला संकोच करू नका, खालच्या मजल्यावर कापड आणि मण्यांच्या वस्तू असतात. कापड घेताना उलटी बाजू नक्की बघा, वर लिहिलंय तसं. घरी आणल्यावर पहिल्या तीन-चार धुण्यांना अगदी वेगळ्या बादलीत, गार पाण्यात, सौम्य साबण किंवा रिठ्याच्या पाण्यात, घासायचं नाही, पिळायचं नाही, सावलीत उलटं वाळवायचं. नवं असताना अंगालाही निळं लागतं, त्यामुळे पहिल्यांदा घालाल तेव्हा आतलं कापड गडद रंगाचं असू द्या आणि पांढऱ्या सोफ्यावर बसू नका. आणि येण्याआधी मला निरोप टाका, मी सोबत येते, ओशोग्बोला जायची इच्छा असेल तर तेही ठरवू, गाडीने बरेच तास लागतात पण माठ आणि पीस प्रत्यक्ष बघायचे तर तिथेच जायला हवं.

समुद्रफेस
ओशोग्बोचं ठरलं तर मला कळवा, मी माझ्या दोन विद्यार्थिनींना घेऊन येण्याचा खर्च काढून बघते.